उघड्या डोळ्यांची प्रार्थना

माय, गुरुवारची प्रार्थना आता मी चालवावी असं चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी ठरवलंय. घरोघरी होणारी ती प्रार्थना ज्या बाई इतकी वर्षं चालवत होत्या, त्या लेकाकडे रायपूरला राहायला गेल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत शिकवते, बोलायची सवय आहे, हिला काय अवघड, असं त्यांना वाटलं असणार. मी रविवारपर्यंत मुदत मागितली आणि घरी येऊन घाबरून बसले. कारण बोलणं मला येतं, पण प्रार्थनेत टिकणं येत नाही. डोळे मिटले की प्रभूची प्रार्थना अर्ध्यावर येईपर्यंत माझं मन गोंदियाचा बाजार फिरून येतं. अशा बाईने दुसऱ्यांना प्रार्थनेला बसवायचं म्हणजे लोकांची फसवणूकच, नाही का?

त्या आठवड्यात मी जिद्दीने बसले. पहाटे उठून दार लावलं. फोन तर तांदळाच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं, कारण आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर साहेबांचं ‘माहिती आत्ताच पाठवा’ कोंबडा आरवायच्या आधीच सुरू होतं. तरी काय उपयोग! फोन डब्यात गेला, मन थोडंच गेलं. शाळेच्या खिचडीला तेल उरलंय का, नागपूरला शिकणारी लेक नीट जेवते का, समोरच्याने नाली बुजवली त्याला काय सुनवायचं. अशी मी स्वतःवर चिडत, पुन्हा पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करत बसले होते आणि मला तू आठवलीस.

मुर्रीचं आपलं घर. ओसरीत तू मांडी घालून बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कैची. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. आणि हात चालू असताना तोंडाने प्रार्थना चालू. चर्चमध्ये पाळकसाहेब तंबाखूविरुद्ध उपदेश करायचे तेव्हा तू पदर नाकापर्यंत ओढून बसायचीस, आणि सोमवारी पुन्हा तेच सूप, तीच प्रार्थना. शेजारची काकू एकदा दारात थबकून म्हणाली, “कोनासंग बोलून राहिली व बाई?” तू मान वर न करता म्हणालीस, “मालकासंग.” काकूने घरात डोकावून पाहिलं. “तो तं कामावर गेला ना?” “हा नाही व. मोठा मालक,” तू म्हणालीस, आणि दोघी इतक्या हसलात की सुपातली तंबाखू सांडली.

मी तेव्हा रविवारच्या शाळेतून नवं शहाणपण घेऊन आले होते. हात जोडायचे, डोळे मिटायचे, मध्ये बोलायचं नाही. तुला म्हणाले, माय, तुझी प्रार्थना चुकीची आहे, तू डोळे मिटत नाहीस. तू माझ्याकडे अशी पाहिलीस की मी दोन पावलं मागे सरले. “डोरे मिटून बिडी बांधते का कोनी? बोट कापून जाईन ना! त्याले दिसते माह्या हातात कैची हाय म्हणून.” मग लगेच परसात काकूची बकरी शिरली. तू प्रार्थना सोडून तिच्यावर ओरडलीस, खडा मारलास, बकरी पळाली. आणि तू परत सुपाकडे वळून म्हणालीस, “हं, तं प्रभू, मी का सांगून राहिली होती? हां, बकरी. जिची बकरी हाय तिच्या पोराचा ताप उतरव बाप्पा, बिचारीले बकरी बांधाले बी फुरसत नाही.” मी हसले होते. तुला प्रार्थना विसरायला होतं म्हणून तू असं करतेस, असं मला वाटायचं. प्रार्थनेत कोणीही शिरलं तरी तू त्याला हाकलत नव्हतीस, त्यालाच धरून प्रभूपुढे नेत होतीस, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

तेवढ्यात डब्यातला फोन तांदळात गुरगुरायला लागला. मी न घेण्याचं ठरवलं होतं, पण घेतला. माझ्या शाळेतलीच बाई रडत होती. नवऱ्याला रात्रीच दवाखान्यात भरती केलं होतं. ती आपल्या मंडळीतली नाही, तिच्या घरी बुद्धवंदना होते, पण म्हणाली, “ताई, तुम्ही प्रार्थना करता ना, आमच्यासाठी करा.” फोन ठेवला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हं, तं प्रभू.” तिच्या नवऱ्याचं सांगितलं. मग लेकीचं सांगितलं, खिचडीच्या तेलाचं सांगितलं, नाली बुजवणाऱ्याचंसुद्धा सांगितलं, आणि त्याच्याबद्दल बोलता बोलता माझा राग बराच खाली आला. चहा गार झाला तरी मी तिथेच होते. फार वर्षांनी मला तिथून उठावंसं वाटलं नाही, माय. मी ढसाढसा रडले, पण आनंदाने रडले.

रविवारी उपासना संपल्यावर बायकांना हो म्हटलं. आधीच बजावलं की माझी प्रार्थना सरळ चालत नाही, मध्येच कोणीतरी आठवतं. त्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, “येऊ दे ना व आठोन, तेवढंच एकाचं काम होते.” परवा पहिला गुरुवार. नेमका चिचगडहून लग्न करून आलेल्या नव्या सुनेच्या घरी आहे आणि तिची सासू फार टापटिपीची आहे, म्हणून छातीत अजून धडधडतंय.

एक कबूल करते. गेलेल्या माणसाशी असं बोलायची आपल्यात रीत नाही, आणि हे पत्र मी कुठे टाकणारही नाही. पण ही धडधड ज्या मोठ्या मालकाला सांगायची त्याच्यापुढे मी अजूनही शाळेतल्या बाईसारखी शब्द जुळवत बसते, आणि तुझ्यापुढे तसं करावं लागत नाही. म्हणून आधी तुला सांगून पाहिलं. आता कागद बाजूला ठेवते. यातलं अर्धंअधिक त्याला अजून सांगायचंच आहे.