संगमरवरी पायावरचं च्युइंगम

३ मे, संभाजीनगर
उद्या पॅरिसला निघायचं. नववीची पोरं आणि चित्रकलेची बाई म्हणून मी. अनवरीही येतेय. बिडकीनच्या दाऊदभाई टेलरची मुलगी. शाळेत तिच्यासारखा हात कुणाचा नाय. तिचा खर्च संस्थेनं करावा म्हणून अध्यक्षांकडं, तात्यासाहेबांकडं लई खेटे घातले. शेवटी हो म्हणाले. "पण आमच्या ऋतुराजकडं लक्ष ठेवा, मॅडम." नातू त्यांचा. त्याला साधी रेघ सरळ येत नाय.

६ मे, पॅरिस
पोरांना म्युझियममध्ये सगळ्यात जास्त लिफ्ट आवडली. अनवरी फरशीवर बसून चित्रं उतरवत होती. एका चित्रासाठी ती वर्षभर थांबलीय – खिडकीपाशी बसलेली बाई. ते परवाच्या म्युझियममध्ये आहे. "मॅडम, परवा नक्की ना?" नक्की, म्हटलं.

७ मे
ऋतुराजनं तोंडातलं च्युइंगम काढून संगमरवरी पुतळ्याच्या अंगठ्याला चिकटवलं. मी बघितलं. ओरडणार, तोवर गार्ड आला. आमची गाईडताई त्याचं बोलणं सांगायला लागली – "कुणी केलं ते सांगा, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढतील. शाळेला कळवतील."
ऋतुराज माझ्याकडं बघत होता. घाबरला नव्हता. त्याला माहीत होतं.
अनवरी पुतळ्याजवळ बसून त्याचाच पाय वहीत काढत होती. मी तिच्याकडं बोट केलं.
ती एवढंच म्हणाली, "मॅडम?"
गार्डनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. पोरं हसली. ऋतुराजनं टाळ्या वाजवल्या. मी त्याला गप्प बस म्हटलं, तेही हळूच.

८ मे
अनवरीला हॉटेलवर ठेवलं. शिक्षा झालीय म्हटल्यावर शिक्षा दिसायला पाहिजे, नाहीतर पोरं विचारतील.
खिडकीपाशी बसलेली बाई बघितली. चित्र एवढंसं आहे. त्यापुढं ऋतुराजचा फोटो काढला, तात्यासाहेबांना पाठवला. लगेच उत्तर आलं – "छान. पुढच्या वर्षीही तुम्हीच न्या."
बरं वाटलं. काय लपवायचं इथं.

९ मे
अनवरी जेवली नाय. मी विचारलं नाय.

११ मे, संभाजीनगर
विमानतळावर दाऊदभाई फुलं घेऊन उभे होते. एक हार लेकीला, एक मला. अनवरीनं माझ्या पिशव्या उचलून गाडीत ठेवल्या. आता घरी सांगेल. सांगू दे. तिच्याकडं पुरावा काय? मी बाई आहे, ती पोर आहे.

१४ मे
दुपारी दाऊदभाई घरी आले, अनवरीला घेऊन. दारातच हात जोडले. "मॅडम, बेटी से गलती हो गई. तिनंच सांगितलं, च्युइंगम मीच लावलं म्हणून. मेहरबानी करा, शाळेतनं काढू नका."
अनवरी त्यांच्या मागून माझ्याकडं बघत होती.
मी म्हटलं, "असू द्या. माफ केलं."