सतरा वह्या जयाच्या नावे

मी, राजश्री दिवाकर सबनीस, वय एकाहत्तर, निवृत्त आरोग्य सेविका, राहणार गढा, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोक्याने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला, ते दमून घरी गेले.

१. गढ्यातलं घर आणि बँकेतली सगळी शिल्लक माझा मुलगा अमेय याला मिळावी. तो नागपूरला रेल्वेच्या कचेरीत आहे, जबलपूरला परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. घर विकलं तरी माझी हरकत नाही.

२. सासूबाईंची पितळी फुंकणी माझ्या जाऊबाई विनताबाई यांना द्यावी. ती माझ्या वाटणीला आली म्हणून त्या चार वर्षं माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि पुढे "आमची धाकटी डोंगरातल्या बायांच्या चुली फुंकत हिंडते" असं लग्नाकार्यात सांगत सुटल्या. जाऊबाई, हिंडले. एकतीस वर्षं हिंडले. फुंकणी चिंचेने घासली की चकाकते.

३. माझे पती कै. दिवाकर कारखान्यात पत्र्याचं काम करायचे आणि रजा काढून माझ्यासोबत डोंगरावर येऊन चुलींना धुराडी बसवायचे. पगारी रजा अशी घालवणारा माणूस अख्ख्या कारखान्यात दुसरा नव्हता. त्यांची पत्र्याची कात्री, हातोडे आणि ऐरण डोंगरातल्या सरईटोला गावच्या जयाच्या नवऱ्याला द्यावी. धुराडी आता तोच बसवतो.

४. आता मुख्य गोष्ट. यावरून अमेयचं नि माझं वाजलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी नोकरी मैकलच्या डोंगरात होती, नऊ गावं माझ्याकडे. तिथे थंडी अशी की झोपायच्या खोलीतच चूल, खिडकी नाही, दार लावलेलं, आणि लाकूड धुमसत असतं. बाया अंगाने काटक, दिवसभर चढ-उतार करणाऱ्या. तरी तपासलं तर कोणाचा रक्तदाब चढलेला, कोणाची साखर. आमच्या वरच्या डॉक्टरसाहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर हसून विचारलं, "सिस्टर, ये शुगर शहर से पैदल चढ़कर आई क्या?" मी त्याच आठवड्यात वही घातली. बाईचं नाव, वय, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चूल कुठे, धूर किती तास.

वर्षभर लिहिलं. वही भरली आणि मी फुशारले. तेव्हा जया, सरईटोल्यात नुकतीच सून होऊन आलेली, माझ्या मागून वहीत डोकावली आणि म्हणाली, "खाली पेट? दीदी, पेज तो सब पीकर आई हैं. पेज पीना खाना थोड़े हुआ!"

कोदो-कुटकीची पातळ पेज. तिथे उठल्याउठल्या वाटीभर पितात आणि तिला खाण्यात धरत नाहीत. मी प्रत्येकीला "काही खाल्लंस का?" विचारलं होतं, आणि प्रत्येकीने खरं उत्तर दिलं होतं. साखरेचे माझे सगळे आकडे मातीमोल झाले. साहेब म्हणाले, "रहने दो, कौन देखेगा." मी त्या वहीच्या प्रत्येक पानावर लाल रेघ मारली आणि पुढच्या हिवाळ्यात पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. आयुष्यात मला कशाचा अभिमान असेल तर त्या लाल रेघांचा आहे.

पुढची सगळी वर्षं जया सोबत होती. आदल्या संध्याकाळी घरोघरी सांगून यायची आणि सकाळी पेजेच्या हंडीवर झाकण दाबून बसायची, सासूला सुद्धा सोडायची नाही. लिहायला ती माझ्याकडे शिकली. नवव्या वहीपासून अर्धं अक्षर तिचं आहे.

अशा एकोणीस वह्या झाल्या. त्यांतल्या दोन वह्या डॉक्टरसाहेबांनी "बघून देतो" म्हणून नेल्या. त्यातले आकडे त्यांनी एका परिषदेत वाचले म्हणे. वह्या आल्या नाहीत. त्या दोन्हींतल्या बायांना काय सांगायचं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि साहेबांना मी माफ केलेलं नाही.

उरलेल्या सतरा वह्या, रद्द केलेल्या पहिलीसकट, मी जयाला देत आहे. माझ्यामागे त्या डोंगरावर जाव्यात. धुरामुळेच साखर वाढते असं मी सिद्ध केल्याचा माझा दावा नाही. ते शिकलेल्यांनी तपासावं, नावं वगळून नकला घ्याव्यात. मूळ वही मात्र जिथल्या बायांची, तिथेच राहील.

अमेयचं म्हणणं वेगळं आहे. "आई, तू काहून असं करून राहिली? मोठ्या संस्थेला दे ना, तुझं नाव तरी राहील." बाळा, तुझा हेतू चांगला आहे. म्हणूनच या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी तुलाच नेमते. कागदाच्या काटेकोरपणात तू माझाच मुलगा आहेस.

गेल्या महिन्यात तू पत्ता दिलास म्हणून एका संशोधन संस्थेची तीन माणसं गाडी घेऊन आली होती, हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. मी तापाने आत पडले होते. माझं आजारपण काढायला जया डोंगरावरून आली होती, दार तिने उघडलं. ते म्हणाले, वह्या नेतो, कपाटावर मॅडमच्या नावाची पाटी लावतो.

जयाने विचारलं, "पढ़कर हमको सुनाने कब आओगे?"

"रिपोर्ट छपेगी तो भेज देंगे."

"आधी औरतें पढ़ी नहीं हैं, साहब. तारीख़ बताइए."

तारीख त्यांच्याकडे नव्हती. "चलो, बैठिए," जया म्हणाली. "यहीं उतारिए, नाम छोड़कर. किताब घर से नहीं जाएगी."

तीन दिवस ते माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून उतरवून घेत होते. पानं जया उलटत होती. मोठी शिकलेली माणसं "दीदी, ज़रा पिछला पन्ना" म्हणून विनवत होती, आणि ती आधी चालू पानाची नक्कल तपासत होती. मला बाहेर यायची एकदाही गरज पडली नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत प्रत्येक पानावर सही केली आहे. जयाला साक्षीदार करायचं मनात होतं, पण जिला मिळतं तिने साक्ष करू नये असं वकील म्हणाले.

सही: राजश्री दिवाकर सबनीस

साक्षीदार:
१. रत्नाकर वासुदेव पिंपळखरे, निवृत्त शिक्षक, गढा (सही)
२. समिधा आलोक देवपुजारी, औषधविक्रेत्या, गढा (सही)

स्थळ: जबलपूर
दिनांक: १५ डिसेंबर २०२५