फोनवर त्यांची तब्येत सुधारते आहे

९ फेब्रुवारी

भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते लगेच फोडलं नसेल, बाजूला ठेवून आधी चहा घेतला असेल, असं मी धरून चालले आहे. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नका त्यांना.

इकडे ठीक. गच्चीवरची टाकी गळत होती, ती बदलून घेतली. वाचनालयाची पुस्तकं चालू आहेत. हे म्हणायचे, चौथीत शाळा सुटलेली बाई एवढी जाड पुस्तकं वाचते की उशाला घेते? आता कोणी विचारत नाही, त्यामुळे जास्त वाचून होतं.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलाल आणि मग माझं राहून जाईल.

यांच्या गोळ्यांविषयी लिहायचं आहे. रक्ताच्या आजाराच्या त्या गोळ्यांत यांची पेन्शन महिना संपायच्या आत संपायची. आधी माझ्या बांगड्या गेल्या, मग मागची खोली भाड्याने दिली, आणि शेवटी हॉस्पिटलातल्या बाईंनी कंपनीच्या मोफत योजनेत नाव घातलं, तेव्हा कुठे श्वास घेतला. त्याआधी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, या वयात किती ओढणार? घर जाईल तुमचं." मी म्हटलं, "तुम्ही निघा." तुम्ही निघालात. नंतर आपण यांना शेवटचं पोहोचवायलाच भेटलो, तेही लांबून. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही.

गोळी लागू पडली होती. हृदयच थांबलं, त्याला गोळी काय करणार.

ते गेले त्याच आठवड्यात कुरियरवाला आला. "काकू, साहेबांचा खाऊ," म्हणाला, नेहमी म्हणायचा तसं. त्याला सांगायला हवं होतं, पण त्याने पेन पुढे केलं होतं. मी सही केली आणि गोळ्यांचं खोकं फ्रीजवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याची बायको भेटायला आली. गॅरेजवाला म्हणजे हॉस्पिटलच्या बाकावर यांच्या शेजारी बसायचा तो तरुण मुलगा. आजार तोच, गोळी तीच. यांना "पार्टनर" म्हणायचा. त्याची बायको रडली, पाणी प्यायली, आणि तिची नजर फ्रीजवर गेली. लगेच खाली घातली तिने.

मी विचारलं, "त्याच्या गोळ्या आहेत ना?"

"आहेत हो. एक दिवसाआड घेतात."

"डॉक्टरांनी सांगितलं तसं?"

"डॉक्टर कशाला सांगतील? पगाराने सांगितलं."

मी खोकं काढून तिच्या पिशवीत टाकलं. ती नको म्हणाली नाही, मीही आग्रह केला नाही.

मग योजनेच्या मुलीचा फोन आला. दर महिन्याला येतो, गोड आवाजाची आहे. "काकू, काकांची गोळी चालू आहे ना?" मी म्हटलं, चालू आहे. चालूच होती ती. "भूक लागते का?" म्हटलं, थांब, विचारून सांगते. फोन ठेवला आणि गॅरेजवाल्याच्या बायकोला लावला.

तेव्हापासून असंच चाललं आहे. रक्त तपासणीला गॅरेजवाला जातो, पावतीवर नाव आणि वय यांचं. लॅबवाल्याने अजून मान वर करून पाहिलेलं नाही. गॅरेजवाला हसतो, "काकांच्या नावावर माझं पोट सुटतंय." त्याच्या उलट्या थांबल्या की मी सांगते, यांच्या थांबल्या. तो टायर उचलायला लागला तेव्हा सांगितलं, घरात थोडी उचलठेव करतात. मुलगी खूश होते. "बघा काकू, काका एकदम फिट होणार!" मी हो म्हणते. घरात ते नाहीत, आणि तिकडे दर महिन्याला थोडे थोडे बरे होतात. मला त्याचं दुःख होत नाही, बरंही वाटत नाही. फोन ठेवला की भांडी घासते. फक्त फोनच्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही.

आता योजनेचे लोक म्हणतात, नाव घालून वर्ष झालं, पेशंट डोळ्यांनी बघायला हवा. "काही नाही हो, व्हिडिओवर दोन मिनिटं काकांना समोर बसवा. आमचे साहेब नाव विचारतील, झालं."

भाऊजी, तुमचा चेहरा यांचा आहे. तेच नाक, तेच टक्कल, बोलण्याआधी घसा खाकरायची तीच खोड. त्यांच्याकडच्या फोटोत हे चष्म्यात आहेत, तो चष्मा इथेच आहे.

गॅरेजवाल्याला हे व्हिडिओचं माहीत नाही, तो नकोच म्हणेल. त्याच्या बायकोला सांगितलं, तर ती "काकू, पाया पडते" म्हणाली आणि खरंच खाली वाकली.

आणखी एक. मी त्या मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, एखादा पेशंट गेला तर गं? "मग जागा सुटते, काकू. पुढच्या नंबराला मिळते. एक ताई आहेत, लेकीसाठी सारख्या फोन करतात." गॅरेजवाल्याचंही नाव त्या यादीत लागलं आहे, पण बरंच खाली. त्या ताईंबद्दल मी पुढे काही विचारलं नाही. त्यांची लेक केवढी आहे, तेसुद्धा नाही. हे लपवून तुम्हाला बोलावणं बरं दिसलं नसतं, आणि हे लिहायचं टाळत टाळतच मी इथवर आले.

तुम्ही आला नाहीत तर मी त्या मुलीला खरं काय ते सांगेन. मग गोळ्या त्या ताईंच्या लेकीला मिळतील आणि गॅरेजवाला परत एक दिवसाआडवर येईल. दोन्हींपैकी मला काय हवं आहे ते विचारू नका.

आलात तर एवढं करा. चष्मा माझ्यासमोर लावू नका, मी स्वयंपाकघरात गेल्यावर लावा. साहेबांना नाव नीट सांगा, पूर्ण सांगा. आणि ती मुलगी "काका, कसे आहात?" म्हणाली, तर "बरा आहे" म्हणा. त्याहून जास्त काही बोलू नका. मी दाराआडून ऐकत असेन.

वाट बघते असं लिहीत नाही. घरीच आहे.

तुमच्या भावाची बायको,
वहिनी