उद्देशाचा रकाना

नगर, १२ मार्च १९७१

प्रिय योसेफ,

तिसगावला पाण्याचे हाल कसे आहेत, तुझ्या शाळेची तपासणी झाली का, हे सगळं विचारायचं होतं. ते पुन्हा कधीतरी. आज तुझी बहीण भांडायला बसली आहे.

तुझं कार्ड मिळालं. ‘अक्का, सरकारी कामाला वेळ लागतोच, धीर धर.’ धीर मला शिकवू नकोस. दवाखान्यात तीस वर्षं मी लोकांना तोच वाटते आहे. घरामागे एक खोली वाढवायची, तिच्या परवानगीसाठी अडीच महिने कचेरीचे खेटे घातले. ओव्हरसिअर फीत लावून गेला. मागे जागा सोडली आहे, खिडकी आहे, नकाशात खोट नाही म्हणाला. तरी कागद हलेना. छगन गवंडी रोज दारात. “बाई, दगडं येऊन पडल्यात, पर परवानगीबिगर मी थापी लावनार न्हाई. उद्या पाडायला लावलं म्हंजे?” त्याचं काय चुकलं? आणि गेल्या आठवड्यात शेजारचे कारभारीभाऊ कुंपणावरून विचारतात, “सिस्टर, वर घंटा बी बसवनार हाय का?” घंटा कसली, ते मला कळेना.

सोमवारी उलगडा झाला. कारकुनाने फाईल पुढ्यात टाकली. म्हणे, तुम्ही प्रार्थनास्थळ बांधताय, त्याला कलेक्टरसाहेबांची परवानगी लागते, शेजाऱ्यांना विचारावं लागतं. बांधकामाच्या उद्देशाचा रकाना, आणि त्यात तुझ्या वळणदार अक्षरात ‘प्रार्थनेसाठी’! घर दोघांच्या नावावर, म्हणून नाताळच्या सुट्टीत अर्ज तूच हौसेने भरलास. मी ड्यूटीवरून दमून आले आणि न वाचता तुझ्या सहीखाली सही ठोकली. शिकलेल्या भावावर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा. आधी मला हसू आलं. चर्चच्या मंडळीत पंच झाल्यापासून तुला चहाच्या कपातही प्रार्थना दिसते, त्यातलाच हा प्रकार असेल म्हटलं.

मग कागद उजेडाकडे धरला. त्या शब्दाखाली ब्लेडने खरवडलेलं आहे. खरवडलं तरी टाकाचा ठसा राहतो, मास्तर. ‘मुलीच्या राहण्या’ एवढं तू लिहिलं होतंस. तिथे तुझा हात अडला.

तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. जूनमध्ये माझी दीना नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा ‘चार दिवस माहेरपणाला आली असं सांगू’ म्हणणारा तूच. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, तर ‘पाय घसरून पडली म्हणू’ म्हणणारा तूच. कान कोणी फोडला ते तुला मी दवाखान्याच्या कागदासकट दाखवलं होतं. आपल्या घरात खोली एकच, ती अंथरुणाला खिळलेल्या आईची. माझी पोर पडवीत साडीचा पडदा लावून राहते, तिथेच लोकांचे कपडे शिवते. गेल्या बुधवारी भर दुपारी तिचा नवरा आला. पडदा हिसडून काढला आणि दीनाला मशीनवरून दंडाला धरून ओढली. छगन दगड मोजत होता म्हणून निभावलं. आतून कडी लागेल असं एक दार तिला मिळायचं होतं. तुझ्या अब्रूपायी ते कलेक्टरच्या टेबलावर अडकलं. लाज तिच्या नवऱ्याची वाटायची सोडून तुला लेकराची वाटली!

जुना अर्ज मी काल मागे घेतला. नवा सोबत जोडला आहे. उद्देशाचा रकाना या वेळी मी भरला आहे: ‘नवऱ्याच्या मारहाणीमुळे परत आलेली मुलगी दीना हिच्या कायमच्या राहण्यासाठी.’ तुझी सही लागते, तीही दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार तुझ्याच मंडळीतले दोन पंच घे. रविवारी उपासना संपली की त्यांना थांबव आणि रकाना मोठ्याने वाचून दाखव. ते ऐकल्यावर सही करतील. त्यांच्या आधी तू कर.

तुझीच, पण आज दीनाची आई,
मार्था