सुषमाची लाल ओळ

सोम., २ फेब्रु.
औंढ्याच्या या कॉम्प्युटर क्लासात आठ वर्षं शिकवतेय. सर कधी माझ्या स्क्रीनपाशी कौतुकानं थांबले नाहीत. सुषमाला लागून वर्षही झालं नाही, आणि आज तिच्यामागं गर्दी. काय केलं? लिनक्समध्ये कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत रंग भरले. पोरांचं काम साठवलेल्या मेन मशीनवर टाइप करायची ओळ लाल, सरावाच्या मशीनवर हिरवी. भलतीकडं कमांड जायला नको म्हणून.
सर म्हणाले, "एकच नंबर! असं डोकं पाह्यजे."
पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतून नुसता तिळपापड.
डोंगरकड्याची नवी शाखा आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार. कुणाला, ते दिसतंच आहे.

गुरु. ५
घरी मीही रंग बदलून बघितले. नाव जांभळं, वेळ पिवळी, फोल्डर निळे. काळ्यावर निळं काही केल्या वाचता येईना. शिवाय लांब कमांड लिहिली की पुढची अक्षरं त्याच ओळीवर चढतात. रंगाच्या कोडात कुठंतरी कंस राहिला असणार. सुषमानं दोन मिनिटांत सांगितलं असतं. म्हणूनच नाही विचारलं.

शनि. ७
सर मेन मशीनवर बसलेले. समोर लालभडक ओळ. मला विचारतात, "मॅडम, ही मेन हाय का सरावाची?"
आधी थट्टा वाटली. मग मुद्दाम हिरवा पेन मागितला. त्यांनी लाल दिला.
सरांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही! आणि कौतुक कशाचं, तर रंगांचं! घरी येईपर्यंत हसत होते.
सुषमाला सांगावं का? ओळीत रंगाऐवजी मशीनचं नाव घातलं, 'मेन' नाहीतर 'सराव', की काम भागेल. पण तेही तिच्याच नावावर जमा होणार. राहू दे.

सोम. ९
सरांनी सरावाचं समजून मेनवरचं फोल्डर उडवलं. पोरांचे प्रोजेक्ट गेले. बॅकअप जुना. मी शेजारीच उभी होते. ओळ लाल होती, स्वच्छ दिसत होती. एंटर दाबेपर्यंत मी गप्प.
सर सुषमावर ओरडले, "काहून उलटे रंग देऊन ठेवले?"
ती रडली. "माझ्याच हातून उलटे झाले असतील, सर."

मंगळ. १०
सर म्हणाले, "डोंगरकड्याचं तुमीच पाहा मॅडम. तिला अजून समज न्हाई."
हेच ऐकायला आठ वर्षं थांबले. बाहेर शिवरात्रीची दुकानं लागून राहिलीत, तिथूनच पेढे आणले. सुषमानंही घेतला. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, तुमी जवळच होत्या ना? ओळ लाल होती का हिरवी, बराबर आठवते का?"
सर समोर. पेढा हातातच धरून, खाली बघत.
मी तिच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. ती अजून माझ्याकडंच बघत होती.