तुझ्या यादीला माझे मार्क

पलूस

प्रिय ब्राह्मी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू "हं, बरं, ठेवते" म्हणतेस आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

कपाट आवरताना तुझी बारावीची अर्थशास्त्राची वही सापडली. मागच्या पानावर तुझ्या जपानी कार्टूनांची यादी, पुढे दहापैकी मार्क. कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं, हे तू शंभरदा सांगितलंस, आता म्हणते. या चातुर्मासात मी माझ्या संध्याकाळच्या मालिका सोडल्यात. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकली की गोमटेशदादा तुझ्या यादीतलं एकेक मला हिंदीत लावून देतो. नऊपैकी आठ बघून झाले. तुझ्या मार्कांशेजारी पेन्सिलीने माझेही टाकलेत, रागावू नकोस.

त्या तलवारवाल्या पोरांना तू नऊ दिलेस? मी चार दिले. एक वार करायला तीन भाग लावतात, वर वार करण्याआधी त्याचं नाव ओरडून सांगतात, आणि शत्रू बिचारा उभा राहून ऐकतो. माझ्या मालिकेत एका थपडेला तीन दिवस लागले की तू हसायचीस, मग यात वेगळं काय गं? पण दीपगृहात एकट्या राहणाऱ्या मुलीचा तो सिनेमा! तुझे सात, माझे दहा. त्यात कितीतरी वेळ कुणी बोलत नाही, नुसता चहा उकळतो आणि खिडकीची काच धुरकट होते. मी उठून आपला गॅस बघून आले. यंत्रमानवांचं मला काही कळलं नाही. कोण कुणाच्या बाजूने, शेवटपर्यंत पत्ता नाही. दोन मार्क, तेही रंगांसाठी. आणि ही माणसं सारखी जेवतात काय! ताटं अशी काढलेली की तोंडाला पाणी सुटतं, मग लक्षात येतं, अगं बाई, यात मासा आहे. आणि बाहेर अंधार पडलाय.

एका मालिकेत मात्र माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चित्रं काढणाऱ्या मुलीची आई तिचे ब्रश माळ्यावर टाकते, तिच्याच भल्यासाठी. मुलगी भांडत नाही. पुढचे सगळे भाग ती आईला फक्त "हो" म्हणते. तुझे आठ. मी मार्क दिलेच नाहीत. दादाला म्हटलं, आज बंद कर, डोळे दुखतात.

तुझी बारावी झाली, त्या वर्षी आर्यिका माताजींचा चातुर्मास आपल्या गावात होता. बस्तीत देवासमोर बायका नियम घेत होत्या, कुणी गूळ सोडत होतं, कुणी दही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माताजी, आमच्या पोरीला लय नाद हाय कार्टूनचा, चार महिनं सोडायला सांगा तिला." तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि हात जोडलेस. नियम पाळलास. बघायचं सोडलंस तसं चित्रं काढायचंही सोडलंस. पुण्याच्या कॉलेजला चित्रं पाठवायची तारीख त्यातच गेली, तुझं एक वर्ष गेलं, आणि मी बायकांत सांगत फिरले की पोरीला वळण लागलं. सोडायचं ते ज्याचं त्याने सोडायचं असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? चुकलं माझं, ब्राह्मी. हे इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही.

काल दादा बोलून गेला की अठरा तारखेला तू जपानला चाललीस, तिथल्या स्टुडिओत कामाला, आणि आईला पोचल्यावरच सांगा असं बजावलंयस. आईने आणखी काही सोडायला लावलं तर, अशी भीती असेल तुला. तुझं बरोबर आहे. कालपासून मला काही सुधरत नाही, कणीक दोनदा सैल झाली. ये म्हणून मी लिहीत नाही. तू येईपर्यंत दूध घेणार नाही, असला नियमही या वेळी घेतलेला नाही. फक्त यादीतला नववा सिनेमा मी अजून बघितलेला नाही. त्याच्यापुढे मार्कांच्या जागी तू तेव्हा लिहून ठेवलंयस, "आईबरोबर बघायचा."

तुझीच,
आई