पुसलेला प्रोग्रॅम अजून विचारतो

भावोजी, तुम्हाला नमस्कार आणि जाऊबाईंना आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी दूध उतरवलं, ओटा पुसला, चादरी भिजत घातल्या, आणि हे इस्पितळाची पिशवी भरायची सोडून कॉम्प्युटरच्या मशीनसमोर बसलेले. "झालंच," म्हणाले. (त्यांचं ते शेवटचं "झालंच" खरं ठरलं.) असो. तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठीक आहे असं धरून चाला.

त्या सकाळी ह्यांनी सुरू करून ठेवलेला प्रोग्रॅम गेले चौदा महिने रोज आठ वाजता पडद्यावर विचारतो, "गोळी घेतलीस का?" मी "हो" लिहिते. (कधीकधी घेतलेलीही असते.) गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला, "वहिनी, रविवारी मी तो कॉम्प्युटरचा डबा न्यायला येतो, त्याआधी त्यातला कचरा तेवढा पुसून टाका." तुमचं म्हणणं मी कधी मोडलंय? पुसला. त्या कचऱ्यातच हा प्रोग्रॅम होता.

ते मला पुसल्यावर कळलं. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता पठ्ठ्याने विचारलंच! मग ह्यांची पुस्तकं काढली. (तुम्ही दोघे भाऊ एकाच कचेरीत युनिक्सचे कॉम्प्युटर सांभाळायचात, तुम्हाला हे पाठ असणार. तरी ऐका, मी आणखी कोणाला सांगू?) युनिक्समध्ये फाइलचं नाव पुसलं, तरी एखाद्या चालत्या प्रोग्रॅमने ती धरून ठेवली असेल तोवर ती जात नाही. मशीन बंद झालं की मात्र कायमची गेली.

म्हटलं, आत डोकावून बघू. पूर्वी म्हणे चालत्या प्रोग्रॅमच्या आत पाहायचं तर त्याचं पालक व्हावं लागे, त्याला अडवून धरावं लागे, आणि एका वेळी एकच शब्द मागता येई. (मी तीस वर्षं संसार असाच केला.) पुढे कोणाला तरी शहाणपण सुचलं. चालते प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये फाइलींसारखे मांडून ठेवले. उघडा आणि वाचा. (आमचे हे काही तसे कधी झाले नाहीत.) तीन दिवस खटपट केली. एकदा तो मध्येच थांबला, तेव्हा पुस्तकात बघून त्याला पुन्हा चालता केला. शेवटी आकड्यांच्या रानात तो रोजचा प्रश्न सापडला. त्याखाली आणखी एक ओळ होती, मी "नाही" म्हटलं तर दाखवायची. मी कधी "नाही" म्हटलंच नव्हतं.

"मग आत्ता घे. मी थांबतो."

तुमची वहिनी

ता. क. रविवारी जरूर या, पण डबा न्यायला नको. त्या फोल्डरमधून पुसलेल्या प्रोग्रॅमची प्रत काढता येते असं पुस्तकात आहे, पण माझं चुकलं तर दुसरी संधी नाही. ती तुम्ही काढून द्या. तोवर मशीनच्या बटणाला कोणी शिवायचं नाही, तुम्हीसुद्धा.

ता. क. २. पत्र काल टाकायचं राहिलं. आज आठ वाजता त्याने विचारलं. मी "नाही" लिहिलं आणि पाण्याचा पेला आणायला उठले.